वीटभट्टीवरील संसार : कर्जत-खालापूर परिसरातील स्त्रीहिंसा व कायद्याची पोहोच

स्त्रियांवरील अत्याचारांसंबंधीच्या भारतीय कायद्याच्या इतिहासात महाराष्ट्रातील एका आदिवासी मुलीचे प्रकरण मध्यवर्ती मानले जाते. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेल्या या ‘मथुरा प्रकरणा’त सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा मुक्तता केली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. मात्र या प्रकरणातील एका बाबीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती मुलगी ठाण्यात आली, ती तिच्या भावाने प्रियकराविरुद्ध केलेल्या तक्रारीमुळे. म्हणजे घरातील नियंत्रण आणि सत्तेचा अत्याचार ही एकाच घटनाक्रमाची दोन टोके होती.

हा संबंध रायगडच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांत वेगळ्या रूपाने आढळतो. तेथे घर आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये उभे असते ते कर्ज.

एकोणिसाव्या शतकात कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे. या ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ पद्धतीचे वर्णन गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात केले आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून रक्कम घेणारा तरुण त्याचा वेठबिगार होई आणि त्याची पत्नीही आपोआप त्या वेठीत ओढली जाई. विवाह हाच गुलामीचा दस्तऐवज ठरे. आदिवासी स्त्रियांवर जमीनदार सांगत असलेल्या हक्काची नोंद सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालातही आहे. माथेरानचे भाई कोतवाल यांनी या परिसरात धान्यकोठ्या काढल्या, त्या सावकाराचा हा पाश सैल करण्यासाठीच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. या धान्यकोठ्यांकडे स्त्रियांच्या इतिहासाच्या अंगाने सहसा पाहिले जात नाही. वस्तुतः पावसाळ्यातील उपासमार टळली, तर कर्ज आणि कर्जाबरोबर येणारी वेठही टळत असे.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. उचल मात्र राहिली. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की कातकरी कुटुंब वीटभट्टीमालकाकडून वा कोळसाभट्टीच्या ठेकेदाराकडून उचल घेते आणि दिवाळीनंतर स्थलांतर करते. काम जोडीने धरले जाते. मजुरी हजार विटांवर ठरते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगामाच्या शेवटी पुरुषाच्या नावे हिशेब होतो. नवऱ्याने मारले म्हणून स्त्री माहेरी निघाली की जोडी मोडते, फिटायची उचल अंगावर राहते; मग तिला परत आणण्यात नवऱ्याइतकेच मालकालाही स्वारस्य असते. कातकरी समाजात काडीमोड व पाट यांना परंपरेने मान्यता आहे. परंतु रूढीने दिलेले हे स्वातंत्र्य उचलीने हिरावून घेतले आहे. आदिवासी स्त्री अधिक मुक्त असते, हे शहरी विद्वानांचे आवडते विधान या ठिकाणी तपासून घ्यावे लागते.

कायद्याची भाषाही या स्त्रीला दीर्घकाळ परकीच राहिली. १९८० च्या सुमारास हुंडाबळीविरोधी आंदोलन तीव्र झाले; पण जेथे वरपक्ष देज देतो, तेथे वाद देज परत मागण्याचा असतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्राने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाने ही चौकट ओलांडली. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला, सर्व धर्मांना व जमातींना लागू झाला आणि विवाहसदृश संबंधही त्यात समाविष्ट झाले. मालकी कोणाचीही असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क कलम १७ ने स्त्रीला दिला. तथापि भट्टीवरील झोपडी मालकाची असते आणि अनेक कातकरी वाड्याही दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या असतात. ज्या घरातून संपूर्ण कुटुंबच उठविले जाऊ शकते, तेथे पत्नीचा निवासहक्क कितपत टिकणार?

बिगरआदिवासी समाजांतही तक्रार सहजासहजी तालुक्याला पोहोचत नाही. आगरी, कुणबी, मराठा वस्त्यांत गावकी, मुस्लीम वस्तीत जमात आणि वाडीवर पंच प्रथम ‘समजूत’ घालतात, आणि समजूत बहुधा स्त्रीचीच घातली जाते. गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारींमुळे रायगड जिल्हा राज्यभर चर्चेत आला. २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याने गावकीला उघड बहिष्कार घालणे अवघड झाले; समजुतीची बैठक मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

स्थलांतरित स्त्रीच्या दृष्टीने २००५ च्या कायद्यातील सर्वांत उपयुक्त तरतूद कलम २७ ची आहे. स्त्री तात्पुरती जेथे राहते अथवा काम करते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही ती अर्ज करू शकते. संरक्षण अधिकाऱ्याचे दप्तर मात्र तालुक्याच्या ठिकाणी असते आणि भट्टी गावाबाहेर, नदीकाठी. भट्टीवर पोहोचणारी व्यक्ती म्हणजे मुकादम. म्हणून प्रतिबंधाचा विचार हंगाम सुरू होण्यापूर्वी, उचल ठरते त्या भाद्रपद-आश्विनातच व्हावयास हवा. स्त्रीच्या मजुरीची नोंद व खर्ची स्वतंत्र ठेवली गेली आणि जोडी मोडल्यास तिच्या अंगावर नवऱ्याची उचल चढणार नाही, असे लेखी ठरले, तर माहेरची वाट धरणाऱ्या स्त्रीमागे निदान मुकादम तरी येणार नाही.