रोझवूडचे ऋण

चोरीचे पाप सांगणाऱ्यास धर्मगुरू पापनिवेदनाच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारतो : घेतलेले परत केलेस का? जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन प्रभूपुढे दिले. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीला न्यायाचेच कृत्य मानले. परंतु अपराध सरकारच्या डोळेझाकीचा असेल आणि मध्ये ७१ वर्षे उलटली असतील, तर परतफेड कोणी करावी? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळापुढे १९९४ साली हा प्रश्न उभा राहिला.

रोझवूड हे लेव्ही काउंटीतील लहानसे खेडे. तांबूस देवदाराच्या लाकडावरून त्याचे नाव पडले. वस्ती बहुतेक कृष्णवर्णीयांची. चर्च होते, शाळा होती, स्वतःची घरे होती. १ जानेवारी १९२३ रोजी शेजारच्या समनर गावातील एका गौरवर्णीय स्त्रीने, काळ्या माणसाने आपणास मारहाण केली, असे सांगितले. तिच्या घरी कपडे धुणाऱ्या सेरा कॅरियर यांच्या कुटुंबाचे म्हणणे निराळे होते : घरातून बाहेर पडलेला पुरुष गोरा होता. पण ते ऐकून घेणार कोण? त्याच दिवशी सॅम कार्टर या लोहाराला ठार करण्यात आले. ४ जानेवारीच्या रात्री जमावाने कॅरियर कुटुंबाच्या घराला वेढा घातला. सेरा आणि त्यांचा मुलगा सिल्व्हेस्टर मारले गेले. हल्लेखोरांपैकीही दोघे पडले. लहानगी मिनी ली सिल्व्हेस्टरजवळ जिन्याखाली दडून राहिली आणि वाचली. माणसे कडाक्याच्या थंडीत अंगावरच्या कपड्यांनिशी दलदलीत लपली. जॉन राइट या गोऱ्या दुकानदाराने काहींना आपल्या घरी आसरा दिला. ब्राइस बंधूंनी रात्री आगगाडी आणून बायकामुलांना गेन्सव्हिलकडे नेले. शेरीफने परिस्थिती आटोक्यात असल्याचे कळविले, आणि गव्हर्नर हार्डी शिकारीस निघून गेले. पुढे गाव जाळून बेचिराख करण्यात आले. राइटचे घर तेवढे उरले. सरकारी नोंदीत मृत आठ. फेब्रुवारीत ग्रँड ज्युरीने पुरेसा पुरावा नसल्याचे ठरविले आणि कोणावरही खटला भरला नाही.

त्यानंतर साठ वर्षे मौन. वाचलेल्यांनी मुलांनाही काही सांगितले नाही. १९८२ साली गॅरी मूर या पत्रकाराने ते मौन मोडले. वारसांनी विधिमंडळाकडे धाव घेतली, इतिहासकारांच्या समितीने १९९३ च्या अखेरीस अहवाल दिला. वृद्ध मिनी ली लँगली यांनी आमदारांसमोर साक्ष दिली. विरोधकांचा आक्षेप असा, की एकाला दिले तर सगळेच मागतील. (हा युक्तिवाद आपल्याकडील कोणत्या सभेत ऐकू येत नाही?) विधेयक तरीही सिनेटमध्ये २६ विरुद्ध १४ आणि प्रतिनिधिगृहात ७१ विरुद्ध ४० मतांनी संमत झाले. ४ मे १९९४ रोजी गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी त्यावर सही केली. हयात नऊ जणांना प्रत्येकी दीड लाख डॉलर, मालमत्ता गमावलेल्यांच्या वारसांसाठी पाच लाख, शिवाय शिष्यवृत्ती; एकूण सुमारे २१ लाख डॉलर.

याच राज्यात, याच काळात, दुसऱ्या एका कायद्याने व्यावसायिक खेळांच्या प्रत्येक मान्यताप्राप्त स्टेडियमला विक्रीकरातून वर्षाला सुमारे २० लाख डॉलर, तेही तीस वर्षांपर्यंत, मिळण्याची सोय होती. पाहुणे येतील, हॉटेले भरतील, ही त्यामागची अपेक्षा. खेळाला माझा विरोध नाही. तरुणपणी मीही मैदान गाजविले आहे. परंतु जळालेल्या गावाची संपूर्ण भरपाई एका स्टेडियमच्या वर्षभराच्या वाट्याएवढी ठरावी, आणि त्यासाठी मात्र इतका वाद व्हावा, हे मला खटकते. एक मात्र मान्य केले पाहिजे : खटल्याची मुदत केव्हाच टळलेली असताना राज्याने आपले नैतिक उत्तरदायित्व मान्य केले.

मिनी ली लँगली १९९५ मध्ये निवर्तल्या. २००४ साली रस्त्याकडेला स्मृतिफलक उभारण्यात आला. त्याच्या आसपास आता त्या वस्तीतले कोणी राहत नाही.