दवंडी आणि घंटा

कृष्णाकाठच्या जुन्या माणसांना दवंडी आठवत असेल. कोतवाल चावडीपुढे हलगी वाजवी, माणसे ओट्यावर आली की थांबे, आणि मग ‘ऐका हो ऐका’ म्हणून निरोप सांगे. पुढच्या चौकात पुन्हा तेच. आधी वाद्य, मग क्षणभर शांतता, मग दोन छोटी वाक्ये. आज मोठ्या इमारतींतून आगीच्या वेळी माणसांना बाहेर काढण्यासाठी जी बोलकी इशारायंत्रणा बसवतात, तिची रीत हीच आहे.

शाळांतून मात्र आपण घंटेवर भागवतो. एके ठिकाणी मी आगीची रंगीत तालीम पाहायला गेलो होतो. घंटा घणघणली, तशी निम्मी पोरं डबे घेऊन पिंपळाखाली जाऊन बसली! त्यांचं काय चुकलं? घंटा सावध करते. कुठल्या जिन्यानं जायचं, हे ती कशी सांगणार?

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली. धूर बाल्कनीत चढला, दिवे गेले आणि ध्वनिक्षेपकावरून कुणी काही सांगितले नाही. ५९ माणसे दगावली.

बरे, एकच मोठा कर्णा लावूनही भागत नाही. देवळाच्या दगडी मंडपात मोठ्याने बोला; शब्द भिंतींवर आपटून पुढच्या शब्दात मिसळतो. ऐकू येते, कळत नाही. म्हणून जवळजवळ, बेताच्या आवाजाचे पुष्कळ कर्णे लावतात. जिन्यात चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून उंच इमारतीत आग लागलेला मजला आणि त्याच्या वरचा, ह्यांना आधी निघायला सांगतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कुणाला सावध होण्याइतका वेळच दिला नाही. आग आणि पूर तो थोडा तरी देतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. गाड्यांवरून पुकारा झाला होता. तरी ‘२००५ ला आमच्या दारी पाणी नव्हतं’ म्हणून कित्येक जण घरीच राहिले. पुलावरचे फूट आपल्या उंबऱ्याला कधी लागणार, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा! त्यापेक्षा ‘अमुक गल्लीने आज दिवस मावळण्याआधी तमुक शाळेत जावे’ हे दवंडीचे वाक्य बरे.

शिक्षकांनी आपल्या शाळेपुरती अशी दोन वाक्ये आजच लिहून भोंग्याशेजारी चिकटवावीत: कोणत्या वर्गाने कोणत्या दाराने निघायचे आणि कोणत्या झाडाखाली जमायचे. डबे खायचा पिंपळ तेवढा निवडू नये.