बंदिवान स्त्री आणि तिचे आरोग्य

आपल्या वाङ्मयात तुरुंगाची वर्णने विपुल आहेत. परंतु ती बहुतांशी राजबंद्यांची, आणि त्यातही पुरुषांची. चोरीच्या वा खुनाच्या आरोपाखाली गजाआड गेलेली एखादी सामान्य स्त्री आजारी पडली, किंवा तिचे दिवस भरले, तर पुढे काय होत असे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. तो शोधायचा तर कायद्याच्या व न्यायालयांच्या दप्तरातच शोधावा लागतो.

१८६६ साली हिंदुस्थानात आलेल्या मेरी कार्पेंटर यांनी स्त्रीशिक्षणाबरोबरच तुरुंगसुधारणेकडेही सरकारचे लक्ष वेधले होते. पुढे १८९४ चा कारागृह अधिनियम आला. स्त्रियांना पुरुषांपासून वेगळे ठेवावे, त्यांची झडती व तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशाने मेट्रनने करावी, प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा रुग्णांसाठी योग्य जागा असावी, अशा तरतुदी त्यात होत्या. कायद्याने स्त्रीची लज्जा राखली. पण तिला तपासण्यास स्त्री डॉक्टर असावी, असे बंधन मात्र घातले नाही. पुढील उपेक्षेचे मूळ या उणिवेत आहे.

ही उपेक्षा केवळ अनाथ-अशिक्षित स्त्रियांच्याच वाट्याला आली असे नव्हे. कन्नड रंगभूमी व चित्रपटांतील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात मे १९७६ मध्ये अटक झाली. त्या दम्याच्या रुग्ण होत्या. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांची प्रकृती ढासळत गेली. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटका झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २० जानेवारीला, त्यांचे निधन झाले.

१९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र हीच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्णय दिला. अटक झालेल्या व्यक्तीला छळाची तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्याने विचारावे आणि वैद्यकीय तपासणीच्या तिच्या हक्काची तिला जाणीव द्यावी, असे त्यात बजावले आहे. त्यानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९८७ मध्ये स्त्रीबंद्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला.

खरा टप्पा मात्र २००६ चा. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, १३ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गर्भवती बंदिनींसाठी सविस्तर निर्देश दिले. त्यानुसार गर्भवतीला तुरुंगात पाठवण्यापूर्वी तेथे प्रसूतीच्या किमान सोयी आहेत याची खात्री करावी. शक्यतो बाळंतपण बाहेरच्या रुग्णालयात व्हावे. आणि जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख नसावा. जन्मतःच कपाळी बसणारा हा कलंक पुसण्याचा विचार न्यायालयाने केला, यातील माणुसकी मोठी आहे. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या बँकॉक नियमांनी, बाहेरच्या समाजातील स्त्रीला मिळते त्याच तोडीची आरोग्यसेवा बंदिनीलाही मिळावी, हे तत्त्व मान्य केले.

मग अडते कोठे? २०२२ च्या अखेरीस देशभरातील तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. म्हणजे एकूण बंद्यांच्या सुमारे चार टक्के. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्यांची संख्या थोडी, त्यांच्यासाठी वेगळे पद मंजूर करून घेणे अवघड. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय. आदर्श नियमावली दिल्लीहून आली तरी पदे आणि पैसा राज्यानेच द्यायचा असतो. शिवाय बंदिनीला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे तर सोबत महिला पोलीस हव्यात. त्या बंदोबस्तात अडकल्या, की तपासणीची तारीख हुकते. दुखणे मात्र तारखेसाठी थांबत नाही.

न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य हिरावण्याची. आजार अंगावर काढण्याची नव्हे. आणि यांतील अनेकींचा तर खटलाच अजून निकालात निघालेला नसतो. दीड शतकात नियमांची उणीव आपण बरीच भरून काढली. आता प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पात एक स्त्री डॉक्टर, एक परिचारिका आणि रुग्णालयापर्यंत नेणारे एक वाहन यांची तरतूद तुरुंगागणिक दिसली, तरच त्या नियमांचे चीज होईल.