आईबापांचा रकाना

सुरुवात एका लेखी योजनेपासून करू. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील एका बाप्टिस्ट गटाने ती तयार केली होती. तिचा मजकूर थोडक्यात असा: डॉमिनिकन प्रजासत्ताकातून बस घेऊन हैतीत शिरायचे, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांवरून आणि पडलेल्या अनाथालयांतून शंभर अनाथ मुले गोळा करायची, सीमा ओलांडून परत यायचे आणि काबारेते या किनाऱ्यावरच्या गावात भाड्याच्या हॉटेलात त्यांना ठेवायचे. पुढेमागे शाळा, प्रार्थनागृह, खेळायला मैदान. दत्तक घ्यायला येणाऱ्या जोडप्यांच्या सोयीसाठी समुद्रकाठी उपाहारगृहसुद्धा. मुले अनाथ आहेत, हे मात्र या कागदात पहिल्या ओळीपासून गृहीतच धरले आहे.

त्याच दिवसांतला दुसरा कागद म्हणजे ताटातूट झालेल्या मुलाच्या नोंदणीचा छापील फॉर्म. मुलाचे नाव, टोपणनाव, आईचे नाव, बापाचे नाव, शेवटचा एकत्र पत्ता, भावंडे, ताटातूट कुठे आणि कशी झाली, मुलाला कोणाकडे जायचे आहे, असे त्यातले प्रश्न. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, वर्ल्ड व्हिजन आदी सहा संस्थांनी जानेवारी २००४ मध्ये याविषयीची तत्त्वे मिळून मान्य केली होती. पालकांपासून तुटलेले पण कदाचित एखाद्या नातेवाइकाजवळ असलेले मूल वेगळे आणि अगदी एकटे पडलेले मूल वेगळे, असा भेद त्यांत आहे. अनाथ हा शब्द अगदी शेवटी, आई आणि बाप दोघेही गेल्याची खात्री झाल्यावरच वापरायचा. शोधाला वाजवी अवधी मिळेपर्यंत दत्तकाचे नाव काढायचे नाही.

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीत ७.० क्षमतेचा भूकंप झाला. त्यानंतरचे चार-पाच महिने हे दोन कागद एकमेकांविरुद्ध कसे चालले, एवढेच इथे मांडायचे आहे.

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे हैती. संकट तिथे नवे नव्हते. २००४ मध्ये जीन वादळाच्या पुरात एकट्या गोनाईव्ह परिसरात सुमारे तीन हजार माणसे गेली. २००८ मध्ये फे, गुस्ताव्ह, हॅना आणि आइक ही चार वादळे महिन्याभरात पाठोपाठ आली, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची ‘क्लस्टर’ पद्धत हैतीत पहिल्यांदा लागू झाली. आरोग्य, निवारा, पाणी असे एकेक विषय वाटून घेऊन त्या-त्या विषयातल्या सगळ्या संस्थांनी एका टेबलाशी बसायचे, अशी ही पद्धत. बालसंरक्षणाच्या टेबलाचे यजमानपद युनिसेफकडे होते. हैती सरकारच्या बाजूने समाजकल्याण व संशोधन संस्था, म्हणजे फ्रेंच आद्याक्षरांनी ‘इब्सेर’, जबाबदार होती. बालगृहांचे परवाने आणि दत्तकाची प्रकरणे तिच्याच अखत्यारीत येत.

भूकंपाने हे टेबलच मोडले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे मुख्यालय असलेले ख्रिस्तोफर हॉटेल जमीनदोस्त झाले. मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी यांच्यासह संयुक्त राष्ट्रांची १०२ माणसे मेली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला, मंत्रालये पडली. ज्यांनी मदतीचा मेळ घालायचा ती माणसेच ढिगाऱ्याखाली होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या टीकेच्या आधी नोंदवायला हवी.

उरलेल्यांनी विमानतळाजवळच्या ‘लॉगबेस’ नावाच्या रसद-तळावर तंबू ठोकले आणि बैठका सुरू केल्या. त्याच वर्षी क्लस्टर-यंत्रणेने करवून घेतलेला मूल्यमापन अहवाल या बैठकांबद्दल बरेच सांगतो. तळाला फाटक होते, फाटकावर पहारा होता, आणि हैतीच्या स्थानिक संस्थांना आत शिरणे जड जाई. आत गेल्यावर कारभार बहुधा इंग्रजीत. देश बोलतो क्रिओल, लिहितो फ्रेंच. कोणत्या वस्तीत कोणाचे मूल कोणाकडे राहते हे ज्यांना तोंडपाठ होते, ती माणसे फाटकाबाहेर राहिली.

आणि त्यांचेच ज्ञान इथे कळीचे होते. गरीब खेड्यातल्या आईने मूल शहरातल्या ओळखीच्या घरी ‘ठेवायचे’, त्याने घरकाम करायचे आणि घरमालकाने त्याला शाळेत घालायचे, ही हैतीतली जुनी रीत आहे. शाळा बहुतेक वेळा राहून जाते. अशा मुलाला ‘रेस्तावेक’ म्हणतात. ‘सोबत राहणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव पडले. अनाथालयांचेही तेच. फी परवडत नाही म्हणून पोराला तिथे पोचवणारे आईबाप असंख्य होते. घर पडले तेव्हा अशी कितीतरी मुले मुळात आईबापांजवळ नव्हतीच. नोंदणीच्या फॉर्मवर ‘ताटातूट केव्हा झाली’ या प्रश्नापुढे भूकंपाच्या आधीचे वर्ष येऊ लागले, ते यामुळे.

आकड्यांचा घोळही इथूनच निघतो. मराठीत आपल्याकडे अनाथ आणि पोरका असे दोन शब्द आहेत. आई गेली की घरात बाप असूनही पोर पोरके होते. युनिसेफच्या सांख्यिकीत मात्र दोघांपैकी एक पालक गेलेले मूलही ‘अनाथ’ या एकाच रकान्यात पडते. म्हणून भूकंपापूर्वीच हैतीच्या नावावर ३,८०,००० अनाथ मांडलेले होते. त्यातली बहुसंख्य पोरकी. भूकंपानंतरच्या बातम्यांत हा आकडा व्याख्या गळून फिरला, आणि लाखो मुले कोणीतरी येऊन घेऊन जाण्याची वाट पाहत आहेत असे चित्र उभे राहिले.

१८ जानेवारीला अमेरिकेने दत्तकाची प्रक्रिया आधीच सुरू झालेल्या मुलांना व्हिसाच्या नेहमीच्या अटींशिवाय प्रवेश देण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर एड रेंडेल यांनी सोबत आणलेली मुले विमानाने पिट्सबर्गला उतरली. काही बातम्या ५३ म्हणतात, काही ५४. दोन्हींत तथ्य आहे, कारण गोंधळात एक मूल मागे राहिले आणि नंतर आले. अधिक महत्त्वाची बाब काही महिन्यांनी बाहेर आली: त्यांतल्या १२ मुलांची कोणत्याही कुटुंबाशी दत्तकाची जुळणी झालेलीच नव्हती. सवलत होती प्रक्रियेतल्या मुलांसाठी, आणि विमानात बसली ती प्रक्रियेबाहेरचीही. ही सवलत १४ एप्रिलला बंद झाली, तोवर सुमारे ११५० मुले अमेरिकेत पोचली होती. नेदरलँड्सनेही २१ जानेवारीला १०६ मुले एका विमानातून नेली.

२२ जानेवारीला युनिसेफच्या सल्लागाराने जिनिव्हात सांगितले की, रुग्णालयांतून सुमारे १५ मुले नाहीशी झाल्याच्या नोंदी आहेत. महिना संपण्याच्या आत पंतप्रधान ज्याँ-माक्स बेलरीव्ह यांनी देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आपली स्वतःची सही सक्तीची केली. मोडक्या राज्ययंत्रणेजवळ दुसरे साधन नव्हते. एका माणसाची सही पंतप्रधानाची असली तरी सीमा अडवू शकत नाही, हे खरे. पण कागद नसणे हा गुन्हा ठरू लागला, एवढे तिने केले.

२९ जानेवारी, शुक्रवार. डॉमिनिकन सीमेवरच्या मालपासच्या नाक्यावर त्या बाप्टिस्ट गटाचे दहा अमेरिकन आणि ३३ मुले असलेली बस अडवली गेली. सर्वात लहान मूल अवघ्या काही महिन्यांचे, मोठे बारा वर्षांचे. गटाजवळ हैती सरकारचा एकही परवाना नव्हता. डॉमिनिकन वाणिज्यदूताने कागदांविना गेलात तर मानवी तस्करीचा आळ येईल असे बजावले होते, हे त्यानेच नंतर सांगितले. मुलांना पोर्ट-ओ-प्रिन्सजवळच्या एसओएस बालग्रामात हलवले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि एका मुलीने रडत सांगितले की माझे आईवडील आहेत. तिला वाटत होते, आपण शिबिराला नाहीतर वसतिगृहाला चाललो आहोत.

पत्रकार डोंगरातल्या कालबास गावी पोचले. बरीच मुले तिथली होती. आईबापांनी लपवाछपवी केली नाही. पोरांना शिक्षण मिळेल, भेटायला जाता येईल, असे सांगितले होते म्हणून आम्ही आपणहून दिली, हे त्यांचे म्हणणे. या साक्षी वाचताना माझे मत बदलत गेले. पळवून नेलेली मुले म्हणावीत तर ती हाती सोपवलेली होती. अनाथ म्हणावीत तर ती तशी नव्हतीच. रेस्तावेकची जुनी वाट आणि त्या टंकलिखित योजनेची नवी वाट एका बसथांब्यावर येऊन मिळाल्या होत्या. नेणाऱ्यांच्या हेतूवर बोट ठेवण्यापेक्षा त्यांनी न विचारलेल्या प्रश्नावर ठेवणे मला अधिक साधार वाटते.

४ फेब्रुवारीला दहाही अमेरिकनांवर अपहरण आणि गुन्हेगारी संगनमताचे आरोप ठेवले गेले. आठ जण १७ फेब्रुवारीला सुटले, आणखी एक मार्चमध्ये. मार्चमध्येच ३३ पैकी ३२ मुले आपापल्या घरी गेली. १७ मे रोजी गटाच्या म्होरकीला शिक्षा झाली, ती ‘बेकायदा प्रवास घडवल्या’बद्दल, आणि तुरुंगात काढलेले तीनेक महिने हीच शिक्षा मानून तिला सोडले. कायदा १९८० चा होता, हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुव्हालिए याच्या सहीचा. माणसांना देशाबाहेर पडू न देण्यासाठी केलेला तो कायदा मुलांच्या कामी आला, कारण मानवी तस्करीविरुद्ध स्वतंत्र कायदा हैतीत २०१४ पर्यंत नव्हता.

दुसरा कागद या काळात सावकाश चालला होता. छावण्यांतून, रुग्णालयांतून, बालगृहांतून फॉर्म भरले जात होते. वर्ष संपताना जवळजवळ ५००० मुलांची नोंद झाली होती, आणि साडेबाराशेच्या वर मुले घरी पोचली होती. चारांत एक. वर्षभराच्या खटाटोपाला हा आकडा थोडा वाटतो. पण जन्मदाखले नाहीत, गल्ल्यांना नावे नाहीत, आणि चार वर्षांच्या मुलाला आईचे नाव विचारले तर ते ‘मम्मा’ सांगते. शिवाय आई सापडल्यावर तिला मूल ठेवून घेणे परवडेल का, हेही पाहायचे असे. सीमांवर आणि विमानतळावर हैती पोलिसांचे बालसंरक्षण पथक बसले होते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या लहानशा पथकाला युनिसेफने पाठबळ दिले, आणि लॉगबेसवरच्या ठरावांपेक्षा त्याचा उपयोग मला जास्त दिसतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये दत्तकाचा नवा कायदा झाला. १ एप्रिल २०१४ पासून आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार हैतीत लागू झाला. दरम्यान इब्सेरने युनिसेफच्या मदतीने देशातल्या बालगृहांची यादी करायला घेतली. साडेसातशेच्या आसपास बालगृहे निघाली, परवाना असलेली त्यांत मूठभर. आत सुमारे ३०,००० मुले होती. त्यांतल्या ८० टक्के मुलांच्या आईचे, बापाचे किंवा दोघांचेही नाव रकान्यात भरता आले, कारण ती हयात होती.