लाख, जवस आणि बंदुकीचा दस्ता

लाख म्हटली की आपल्याला आधी आठवते ते लाक्षागृह. पांडवांना जाळून मारण्यासाठी वारणावतास जे घर उभे राहिले, त्याने ह्या बिचाऱ्या पदार्थाला महाभारतकाळापासून एक कपटी वास चिकटवून दिला. वास्तविक लाखेने माणसाची चाकरी फार इमानाने केली आहे. बायकांच्या बांगड्या, पोकळ दागिन्यांतले भरण, टपालाची मोहोर, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा तिच्याच. ह्या यादीत बंदुकीचा दस्ताही बसतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात आले ते एक जुना दस्ता स्वतः घरी दुरुस्त करायला घेतला तेव्हा.

गोंदिया जिल्हा तसा नवा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण लाखेशी त्याचे नाते जुने आहे. रानातला डिंक, म्हणजे गोंद, आणि लाख येथे बाजाराला येई, त्यावरूनच गावाला गोंदिया नाव पडले असे सांगतात. पळस, बोर आणि कुसुम ही लाखेच्या किड्याची आवडती झाडे, आणि आमच्या झाडीपट्टीत त्यांना तोटा नाही. पळसाबोरीवरचे एक पीक ऐन कार्तिकाच्या सुमारास उतरते. त्याला नावच कतकी. म्हणजे घरोघर आकाशकंदील चढत असताना रानात फांद्यांवरून लाख उतरत असते! ती काठ्यांवरून खरवडायची, कुटायची, धुवायची. मग कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर धरायची आणि पिशवीला पीळ देत रस काढायचा. जुना कारागीर हा गरम रस हातांनी, पायांनी, प्रसंगी दातांनीही ताणून त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा करी. तोच चपडा. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि पुढे गोंदियाचा माल थेट कलकत्त्याच्या बाजारास जोडला गेला.

आता बंदुकीकडे वळू. आमच्या भागात तिचा इतिहास काही केवळ शिकारीचा नाही. १८१८ साली आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य गेले, त्याच वर्षी गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला, आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने त्याचा मोड केला. त्या काळी गावोगावची बंदूक बहुधा तोड्याची असे. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. गोऱ्यांना त्यात सूट होती. आपल्या लोकांना मात्र परवान्यावाचून हत्यार बाळगणे बंद झाले. पण धानाच्या बांधीत घुसणारा रानडुक्कर कायदा वाचत नाही, म्हणून पिकाच्या रक्षणासाठी थोड्या बंदुका गावात राहू दिल्या गेल्या. परवाना अर्थातच पाटलाच्या, मालगुजाराच्या, अशा कोणाच्या तरी वजनदार नावावर.

तशीच एक एकनळी, ठासणीची बंदूक आमच्या घरी आहे. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, आणि तेथून माझ्या नावावर ती आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिचे काम जवळजवळ संपले. निवडणुका आल्या की ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. एका पावसाळ्यानंतर ती आली ती दस्त्यावर पांढरा बुरा घेऊन, आणि खालच्या टोकाचा टवका गमावून. दस्ता शिसमाचा. फेकून नवा करावा असे दोघांनी सुचविले. मी नाही म्हटले.

कामाची रीत सांगतो. घरातल्या जुन्या लाकडी खुर्चीलाही ती लागू पडेल. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी व चाप दस्त्यापासून सोडवून घेतले. लाकडात मुरलेले काळे तेल स्पिरिटमध्ये कालवलेल्या खडूच्या भुकटीने शोषून काढले. जेथे नुसता पोचा पडला होता तेथे ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री धरली; लाकूड वाफ पिऊन फुगते आणि पोचा आपोआप वर येतो. टवक्याच्या जागी शिसमाचे ठिगळ बसविले. ते नवे लाकूड जुन्याशेजारी उपरे दिसू लागले, तेव्हा रंग देणे आले. बाजारी रंग न आणता मी खैराचा कात पाण्यात उकळला आणि त्यात चिमूटभर चुना टाकला. विड्यात जी लाली चढते तीच लाकडावर चढली. काळसर रेघांसाठी हिरड्याचा काढा, आणि तो वाळल्यावर वरून हिराकसाचे पाणी. दोन्ही भेटताच शाई तयार होते. मग जवसाचे तेल. धान उभे असतानाच बांधीत जवस पेरायची आमच्याकडे जुनी चाल आहे, त्यामुळे तेही घरचेच म्हणा ना! तेलाचे हात अगदी पातळ द्यायचे आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा फडक्याच्या पोटळीने फिरवायचा. हे काम पावसाळ्यात करू नये, लाखेवर दमटपणाची पांढरी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा ह्याला उत्तम.

हे सारे करताना मी एके ठिकाणी थबकलो. दस्त्याच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा एक काळा, गुळगुळीत डाग होता. वर्षानुवर्षे गाल टेकून, घाम मुरून पडलेला. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो. उजवीकडे डाग म्हणजे नेम धरणारा डावरा! चाप आणि टोपीही त्याच अंगाला, म्हणजे प्रत्येक बाराची ठिणगी त्या माणसाच्या तोंडाजवळ उडत असणार. आजोबा उजव्या हाताचे होते, वडीलही. आत्याला विचारले. ती सहज म्हणाली, "अरे, आबांनी कधी रात्र काढली माळ्यावर? रखवालीला गोंड गडी होता ना, तो डावरा. डुकरं तोच राखायचा."

त्या गड्याचे नाव आत्यालाही आठवेना. परवान्यात, नूतनीकरणाच्या शिक्क्यांत, ठाण्याच्या पावत्यांत आमच्या घरची तीन नावे ओळीने लिहिलेली आहेत. त्याचे कोठेच नाही.

काचकागद मी तेथे लावला नाही. बाकीचा दस्ता आता लाखेने चांगला चकाकतो. त्या डागावर नुसते जवसाचे तेल बोटाने चोळले, आणि नळी पुन्हा जागेवर बसविली.