चिलमीची आच

पुणे-नगर रस्त्यावरचे शिक्रापूर आणि त्याच्या पूर्वेला पसरलेला शिरूर-दौंडचा मुलूख म्हणजे भीमा, वेळ आणि घोड या नद्यांची खोरी. पाऊस बेताचा, माळ उघडे, झाडी विरळ. कालवे येण्याआधी इथे बाजरी आणि ज्वारीवर संसार चालत. जळाऊ लाकडाची चणचण कायमची, म्हणून चूल पेटे ती गोवरी, तुराट्या आणि बाभळीच्या फाट्यांवर. गावाची चिलीमही याच चुलीच्या विस्तवावर पेटली. गोवरीचा निखारा भडकत नाही. राखेखाली मंदपणे धुमसत राहतो. तंबाखू ओढण्याची इथली जुनी रीत या मंद आचेवर बेतलेली होती.

धूर मुखावाटे घेण्याची पद्धत मात्र तंबाखूपेक्षा कितीतरी जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाचा विधी तपशिलाने आला आहे. चंदन, वेलदोडा, वाळा, जटामांसी, गुग्गुळ, अगरू, ज्येष्ठमध अशी द्रव्ये वाटून त्यांचा लेप बोरूसारख्या काडीवर द्यायचा. आठ अंगुळे लांब आणि अंगठ्याएवढी जाड वात वाळली की आतली काडी काढून घ्यायची, तूप लावून वात पेटवायची आणि धूमनेत्र नावाच्या नळीतून धूर ओढायचा. नळीची लांबी हेतूनुसार ठरे: शिरोविरेचनासाठी चोवीस अंगुळे, स्नेहनासाठी बत्तीस, नित्य सेवनासाठी छत्तीस. लांबीचे कारणही ग्रंथात दिले आहे. दुरून आलेला, नळीच्या पेरांवर अडलेला आणि आत विरळ झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. धूर तोंडावाटेच सोडावा, नाकाने सोडल्यास डोळ्यांना अपाय होतो, आणि अवेळी किंवा अति सेवन केल्यास बहिरेपणा, आंधळेपणा, रक्तपित्त व भोवळ येते, असा इशाराही तिथेच आहे. उष्णता आणि ओढणारा यांच्यात अंतर राखण्याचा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणारे वर्णन जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडते.

तंबाखू दख्खनमध्ये पोर्तुगीजांमुळे आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती विजापूरच्या आदिलशाहीत रुळली होती. अकबराचा अधिकारी असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित नळी नेऊन बादशहापुढे ठेवली. अकबराने काही झुरके घेतले आणि दरबारी हकिमाने त्याला हरकत घेतली, असे असद बेगच्या वृत्तांतात आहे. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, पण सवय तोवर पसरली होती. उत्तरेच्या दरबाराला तंबाखूची ही भेट दख्खनने दिली, ही गोष्ट इतिहासात पुरेशी ठळकपणे नोंदली जात नाही.

पुढे तंबाखूची दोन साधने झाली, एक वाड्यातले आणि एक रानातले. वाड्यातले साधन हुक्का किंवा गुडगुडी. तिचा खालचा भाग श्रीमंताघरी बिदरी कामाचा असे: जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची नक्षी आणि काळीभोर झिलई. गुळाच्या काकवीत मळलेला गुडाखू वरच्या मातीच्या टवळ्यात भरत आणि त्यावर मातीची पातळ चकती ठेवत. चकतीवर कोळशाच्या भुकटीचे गुल, आणि वारा लागून ते झपाट्याने जळू नयेत म्हणून वर जाळीचा सरपोश. निखारा तंबाखूला टेकत नसल्याने गुडाखू जळण्याऐवजी भाजत आणि वाफळत राही. धूर पाण्यातून जाताना निवे. एक टवळे बराच वेळ चाले आणि ते सांभाळायला स्वतंत्र नोकर लागे.

शेतकऱ्याला आणि गाडीवानाला एवढा सरंजाम परवडणारा नव्हता. त्याची चिलीम गावच्या कुंभाराच्या भट्टीतून येई: भाजल्या मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती. तिच्याबरोबरच्या साहित्यात प्रत्येक वस्तूला काम होते. तळाशी टाकलेला खडा तंबाखूचा चुरा घशात जाऊ देत नसे आणि हवेला मात्र वाट ठेवी. निमुळत्या टोकाला गुंडाळलेली ओली छापी, म्हणजे फडक्याची पट्टी, धूर निववी, राख अडवी आणि तापलेली माती हाताला-ओठाला लागू देत नसे. चंचीत तंबाखू, चकमक, गारगोटी आणि ठिणगी धरायला कापूस असे. गाव जवळ असले की चकमकीची गरज नव्हती. कुठल्याही चुलीतून चिमट्याने विस्तव उचलता येई.

चिलीम भरणे हे कसबाचे काम होते. तंबाखू तळहातावर मळून सैल भरायची. दाबून भरली तर हवा कोंडते आणि जोराने ओढावे लागते, आणि जोराने ओढले की निखारा फुलून वरचा थर एकदम जळून जातो. फार सैल भरली तर आच तळापर्यंत पोचत नाही. निखारा मध्यभागी ठेवायचा, पहिले झुरके हलके घ्यायचे, राख साचली की वरचेवर झटकायची. ओढताना हवा निखाऱ्यावरून आत खेचली जाते, तिथे तापते आणि खालच्या तंबाखूतून जाते. म्हणून जळणाऱ्या थराखालची तंबाखू केवळ तापत असते आणि तिचा अर्क आधीच सुटू लागतो. चिलीम सावकाश ओढणाऱ्याला तेवढ्याच तंबाखूत जास्त वेळ मिळे. हे तत्त्व लिहून ठेवलेले नव्हते, पण एका चिमटीवर चार माणसांची बैठक चालवणाऱ्यांना ते नेमके ठाऊक होते.

बैठकीला सामाजिक काठ होते आणि ते तीक्ष्ण होते. चिलीम एकाच जातीत फिरे. वाळीत टाकलेल्या माणसाचे पाणी आणि विस्तव तुटे, तशी चिलीमही तुटे. दलितांना ती सवर्णांच्या घोळक्यात मिळत नसे. ज्या वस्तूला खेड्यातल्या सोबतीची खूण म्हणून गौरवले जाते, तीच वस्तू खेड्यातली फूट रोज दाखवीत होती, हे विसरून तिच्याकडे पाहता येत नाही.

विस्तव आणि छापी यांचे महत्त्व संतचरित्रांतही उमटले आहे. साई सच्चरितात धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा आहे: चिलीम तयार, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही, तेव्हा साईबाबांनी चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका, म्हणजे हातातली आखूड काठी, आपटून पाणी. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेत जानकीराम सोनार अक्षय्य तृतीयेच्या दिवशी चिलमीसाठी विस्तव देण्यास नकार देतो, आणि महाराजांचा भक्त बंकटलाल याने नुसती काडी वर धरताच चिलीम पेटते. दोन्ही कथांत चमत्कार घडतो तो चिलीम पेटवण्याच्या टप्प्यावर, कारण ऐकणाऱ्यांची रोजची अडचण नेमकी तीच होती.

चिलमीत तंबाखूखेरीज गांजाही भरला जाई. शिरूरला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात इंग्रजी अमलात परवान्याखाली गांजाचे पीक घेतले जाई, आणि मुंबई इलाख्यात त्याची विक्री अबकारी कायद्याने बांधलेली होती. १८९३ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि संपूर्ण बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचवले. ही परवान्याची व्यवस्था पुढे संपली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे.

चिलमीची जागा घेतली ती विडीने आणि काडीपेटीने. विडीत तंबाखू आधीच भरलेली. खडा, छापी, चिमटा काही नको. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विम्को कंपनीच्या अंबरनाथच्या कारखान्यासारख्या ठिकाणांहून स्वस्त काडी खेड्यात पोचली, आणि विस्तवासाठी शेजारी जाण्याचे कारण उरले नाही. विदर्भाचे तेंदूपान, निपाणीची तंबाखू आणि सिन्नर, संगमनेर, सोलापूरच्या बायकांचे वळणारे हात यांवर मोठा धंदा उभा राहिला. शिक्रापूरला येऊन मिळणाऱ्या चाकण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाजवळ, आंबेठाणला, शेती करणारे शेतकरी नेते शरद जोशी यांनी १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे आंदोलन उभारले, आणि त्यात पोलिसांच्या गोळीबाराने शेतकरी मेले. विडीच्या झुरक्यात आच आवरण्याचे कसब उरले नव्हते: झुरका घेताना सिगारेटचे जळते टोक ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि विडीतही तंबाखू थेट जळते.

आच आवरण्याचे तेच काम करणारी, ज्योतीने तापवायची धातूची लहान नळीसारखी उपकरणे अलीकडे परदेशात विकली जातात. त्यांच्या टोपीत दोन धातूंची चकती असते. उष्णतेने दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि ठरावीक तापमानाला चकती टिक असा आवाज करून वाकते. त्या क्षणी ज्योत बाजूला घ्यायची, म्हणजे आतली वनस्पती साधारण १८० ते २२० अंशांवर वाफ सोडते आणि पेटत नाही. ज्योत एकाच जागी न धरता नळी फिरवत राहणे आणि थंड होतानाचा दुसरा आवाज ऐकून मगच पुन्हा तापवणे, हे त्यातले मुख्य तंत्र. मातीची चकती, सरपोश आणि हलका झुरका यांनी जे साधले जाई, ते इथे धातूच्या वाकण्यावर सोपवले आहे.

ओली छापी किंवा हुक्क्याचे पाणी धूर निववते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि बरीच विषारी द्रव्ये त्यातून तशीच जातात. धूर गार लागल्याने तो निर्दोष ठरत नाही. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे लागल्याचा संशय असलेल्या आगीनंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी आणली, आणि २०१९ मध्ये देशभर ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली.