एक वाडा, दोन सालं

टेंभुर्णीहून सकाळच्या एसटीनं निघालात, देऊळगाव राजा मागं टाकलंत आणि आता सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासमोर उभे आहात. आज तुम्ही इथले स्वयंसेवक गाइड. मागं शाळेची पोरं रांगेत आहेत. महादरवाजाखाली येताच त्यांच्या माना आपोआप वर होतात, गलका थांबतो. हीच वेळ साधा.

उंबरठा ओलांडा. साल १५९८. उघड्या चौथऱ्यांवर पुन्हा भिंती चढल्यात, डोक्यावर छत आलंय. देवडीतले पहारेकरी शेकोटीला हात धरून बसलेत, पागेत घोडी फुरफुरताहेत. लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाईंच्या दालनाकडं बायकांची लगबग आहे. गरम पाण्याचे हंडे आत जातात, दार लोटलं जातं. थोड्या वेळानं आतून रडण्याचा कोवळा आवाज येतो. मुलगी झाली, जिजाऊ. हत्तीवरून साखर वाटली म्हणतात. पोरांना ती आख्यायिका म्हणूनच सांगा. १२ जानेवारीला इथं लोटणारी गर्दी या लेकीसाठी असते, हे मात्र ठासून सांगा.

आता पोरांना विचारा, एवढ्या माणसाजनावरांना पाणी कुठून? टँकर पाहत वाढलेली ही पोरं लगेच कान टवकारतील. मग मोती तलावाचं नाव घ्या, चांदणी तलावाचं घ्या, पुतळा बारवेचं घ्या. पायऱ्या उतरून घागर भरणाऱ्या बाया त्यांना दिसू द्या.

पुढं चला. रंगमहालात रंगपंचमीला शहाजी-जिजाऊंची सोयरीक बोलली गेल्याची कथा सांगा आणि थेट १६२९च्या पावसाळ्यात या. दरवाजा तोच, पण आत शिरणारी घोडी फेसाळलेली आहेत. २५ जुलैला दौलताबादेत, निजामशाहाच्या भर दरबारात, लखुजीराव मारले गेले. सोबत अचलोजी आणि राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव. एकाच दिवशी, एकाच घरातले चौघं. ज्या चौकात बारसं झालं, तिथं आज चुली पेटलेल्या नाहीत. माहेर असं उजाडलं तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३०ला शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले.

इथं घाई करू नका. चाकरीत कितीही मोठं झालं तरी मान धन्याच्या तलवारीखालीच राहते, हे जिजाऊंना बापाच्या रक्तानं शिकवलं. स्वतःचं राज्य हवं, ही ओढ त्या घरातल्या रिकाम्या जागांशी जोडून सांगा. पोरांना ती पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल.

शेवटी सगळ्यांना समाधीकडं न्या. लखुजीरावांची ही भव्य वास्तू आधी चहूबाजूंनी फिरून पाहू द्या. २०२४ साली हिच्यासमोरच्या उत्खननात शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. म्हणजे जाधवांच्याही आधीचे लोक इथल्याच मातीत आपलं काही ठेवून गेले. पायाखाली अजून सालं आहेत, हे पोरांना समजलं की ती भिंतीवर नावं कोरणार नाहीत.

इथं येणारे बहुतेक जण १५९८ मनात घेऊनच येतात. १६२९ त्यांच्याबरोबर घरी पाठवणं, हे तुमचं काम.